वाचकांचे प्रश्न : मेलच्या फोल्डरला कुलूप, रंग आणि क्रम

या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच निघाला. संगणकावरच्या मेल प्रोग्रॅममधला एखादा फोल्डर दुसऱ्याला उघडता येऊ नये आणि उरलेले फोल्डर आपल्या सोयीने मांडता यावेत. सगळे प्रश्न आउटलुक आणि थंडरबर्डबद्दल असल्याने उत्तरंही त्यांच्यापुरती आहेत. आउटलुक म्हणजे इथे जुनं, ‘क्लासिक’ आउटलुक. ‘न्यू आउटलुक’चे मेनू वेगळे आहेत आणि मेल संगणकावरच साठवणाऱ्या ‘पीएसटी’ फाइलच्या बऱ्याच सोयी त्यात नाहीत.

प्रश्न : एकच संगणक आम्ही चौघं वापरतो. आउटलुकमधल्या ‘बँक’ या एवढ्याच फोल्डरला पासवर्ड लावायचा आहे. राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडलं, पण तिथे सोय दिसत नाही. ती कुठे असते?

उत्तर : कुठेच नसते. आउटलुकमध्ये सुट्या फोल्डरला पासवर्ड लागत नाही. तो लागतो अख्ख्या डेटा फाइलला, आणि तोही ती पीएसटी प्रकारची असेल तरच. त्यामुळे ‘बँक’साठी वेगळी पीएसटी करायची, फोल्डर तिच्यात हलवायचा आणि पासवर्ड त्या फाइलला द्यायचा.

‘होम’ टॅबवर ‘न्यू आयटम्स’, ‘मोअर आयटम्स’, मग ‘आउटलुक डेटा फाइल’. फाइलचं नाव विचारणाऱ्या खिडकीतच ‘अ‍ॅड ऑप्शनल पासवर्ड’ची चौकट आहे, तिथे खूण करा. पासवर्ड जास्तीत जास्त १५ अक्षरांचा चालतो. पुढच्या खिडकीत तो दोनदा टाकायचा असतो आणि खाली ‘सेव्ह धिस पासवर्ड इन युअर पासवर्ड लिस्ट’ असा पर्याय दिसतो. तिथे खूण करू नका. केलीत, तर त्या विंडोज खात्यावर पासवर्ड पुन्हा विचारलाच जाणार नाही. आणि तुम्ही चौघं एकाच खात्यावर असाल, तर सगळी मेहनत फुकट. ‘पासवर्ड लावला, पण कोणीही फाइल उघडतो’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हीच खूण असते.

नवी फाइल डाव्या पट्टीत खाली दिसू लागेल. ‘बँक’ फोल्डर ओढून तिच्यावर सोडा. इथे एक अडचण आहे. तुमचं खातं आयमॅपचं (म्हणजे मेल सर्व्हरवर ठेवून सगळीकडे दाखवणारं) असेल, तर ओढलेला मेल सर्व्हरवरून निघून या संगणकावर येतो. मग तो फोनवर किंवा ब्राउझरमध्ये सापडत नाही, आणि या एका फाइलचा बॅकअप घेणं ही तुमची जबाबदारी होते.

एकदा पासवर्ड टाकला की आउटलुक बंद होईपर्यंत फाइल उघडीच राहते. मधेच बंद करायची असेल, तर तिच्या नावावर राइट-क्लिक करून ‘क्लोज’ म्हणा. नाव पट्टीतून जातं, फाइल डिस्कवर राहते. पुन्हा लागेल तेव्हा ‘फाइल’, ‘ओपन अँड एक्सपोर्ट’, ‘ओपन आउटलुक डेटा फाइल’. बँकेचे मेल आपोआप त्या फोल्डरात टाकणारा नियम लावला असेल, तर फाइल बंद असताना तो अडखळतो. मेल इनबॉक्समध्येच राहतात आणि आउटलुक चूक दाखवतं. अशा फोल्डरसाठी नियम न लावता हातानेच मेल हलवलेले बरे.

प्रश्न : पीएसटीचा पासवर्ड विसरलो. तो काढून देणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर बरेच दिसले आणि एकाने काही सेकंदांत पासवर्ड शोधलाही. पण मिळालेला शब्द भलताच होता, मी तसा कधीच ठेवला नव्हता. तरी फाइल उघडली! हे कसं?

उत्तर : पीएसटीमध्ये तुमचा पासवर्ड साठवलेला नसतो. सीआरसी-३२ या पद्धतीने त्याच्यावरून काढलेला ३२ बिटांचा एक आकडा तेवढा असतो. फाइल उघडताना आउटलुक तुम्ही टाकलेल्या शब्दाचा असाच आकडा काढतं आणि दोन्ही जुळले की आत सोडतं. ३२ बिटांत सुमारे ४२९ कोटी वेगवेगळे आकडे बसतात. ऐकायला हे खूप वाटतं, पण संगणकाला काहीच नाही. शिवाय एकाच आकड्याला जुळणारे शब्द असंख्य. तुमच्या प्रोग्रॅमला त्यांतला एक सापडला.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की या पासवर्डने फाइलमधला मजकूर कूटबद्ध (किल्लीशिवाय न वाचता येणारा) होत नाही. नेहमीच्या पीएसटीत अक्षरांची अदलाबदल एका ठरलेल्या तक्त्याने होते आणि तो तक्ता मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या दस्तऐवजात छापलेला आहे. पीएसटी वाचणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमने पासवर्ड विचारलाच नाही, तरी त्याला सगळं वाचता येतं. ही दाराची कडी आहे, कुलूप नव्हे. येता-जाता कोणी डोकावू नये एवढ्यापुरती ठीक.

पासवर्ड विसरला तर मायक्रोसॉफ्टकडून तो परत मिळत नाही. असे प्रोग्रॅम वापरायचेच असतील, तर आधी आउटलुक बंद करा, फाइलची प्रत काढा आणि प्रयोग प्रतीवर करा. ‘तुमची पीएसटी आमच्याकडे चढवा, आम्ही उघडून देतो’ म्हणणाऱ्यांच्या हाती मात्र सगळा पत्रव्यवहार देऊ नका.

प्रश्न : माझ्या खात्याच्या डेटा फाइलला ‘चेंज पासवर्ड’चा पर्यायच येत नाही.

उत्तर : ती ओएसटी असणार. ‘फाइल’, ‘अकाउंट सेटिंग्ज’, पुन्हा ‘अकाउंट सेटिंग्ज’, मग ‘डेटा फाइल्स’ या टॅबवर फाइलच्या नावाचा शेवट पाहा. एक्स्चेंज या मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरची, आणि २०१३ च्या आवृत्तीपासून आयमॅपचीही खाती ओएसटी वापरतात. ती सर्व्हरवरच्या मेलची प्रत असते आणि तिला पासवर्ड देता येत नाही. पॉपची (मेल सर्व्हरवरून संगणकावर उतरवून घेणारी) खाती पीएसटीवर चालतात, तिथे याच टॅबवर ‘सेटिंग्ज’ दाबलं की ‘चेंज पासवर्ड’ मिळतं.

तसंही ओएसटीला पासवर्ड लावून फारसं साधलं नसतं. तोच मेल ब्राउझरमध्ये उघडा असतो, फोनवर उघडा असतो. अशा खात्याची राखण सर्व्हरवरच करावी लागते. पासवर्ड दणकट हवा, दोन टप्प्यांची पडताळणी चालू हवी आणि सामायिक संगणकावरच्या ब्राउझरमध्ये लॉग-इन उघडं राहता कामा नये.

प्रश्न : थंडरबर्डमध्ये ‘प्रायमरी पासवर्ड’ ठेवला. प्रोग्रॅम सुरू करताना तो विचारतो खरा, पण ‘कॅन्सल’ दाबलं तरी जुने मेल सगळे वाचता येतात. काही बिघडलं आहे का?

उत्तर : काही बिघडलेलं नाही. हा पासवर्ड मेलसाठी नाहीच. थंडरबर्डने जपून ठेवलेले तुमच्या खात्यांचे पासवर्ड त्याने कूटबद्ध होतात. ‘कॅन्सल’ केलं की खात्याचा पासवर्ड मिळत नाही, म्हणून नवा मेल उतरत नाही. आधी उतरलेला मेल मात्र डिस्कवर साध्या मजकुराच्या रूपात पडलेला असतो.

खात्री करून घ्यायची असेल तर ‘हेल्प’, ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ उघडा आणि ‘प्रोफाइल फोल्डर’ (थंडरबर्डचे मेल आणि सेटिंग्ज असलेला फोल्डर) यापुढचं ‘ओपन फोल्डर’ दाबा. आत ‘मेल’ आणि ‘आयमॅपमेल’ नावाचे फोल्डर दिसतील. त्यांतल्या खात्याच्या फोल्डरात इनबॉक्सच्या नावाच्या दोन फाइल असतात. ‘एमएसएफ’ शेवटाची छोटी फाइल म्हणजे नुसती सूची. शेवट नसलेल्या मोठ्या फाइलमध्ये खरे मेल असतात, एकाखाली एक चिकटवलेले. तिची प्रत नोटपॅडमध्ये उघडा (मूळ फाइल नको, चुकून ‘सेव्ह’ झालं तर फोल्डर बिघडेल). पाठवणाऱ्याचा पत्ता, तारीख, इंग्रजी मजकूर सरळ वाचता येईल. मराठी मेलच्या जागी बहुधा अगम्य अक्षरांच्या ओळी दिसतील. ते कुलूप नव्हे, बेस-६४ ही वाहतुकीसाठीची मांडणी आहे आणि कोणालाही ती क्षणात उलगडता येते.

तिथेच प्रत्येक मेलच्या माथ्यावर ‘एक्स-मोझिला-स्टेटस’ अशी ओळ असते. तिच्यापुढे ०००१ असेल तर मेल वाचलेला आहे. ०००९ असेल तर वाचलेला आणि खोडलेला. होय, खोडलेला मेलही फाइलमध्ये जागच्या जागी असतो. दुसऱ्या फोल्डरात हलवलेल्या मेलची मागे राहिलेली प्रतही तशीच. फोल्डरवर राइट-क्लिक करून ‘कॉम्पॅक्ट’ केल्याशिवाय तो मजकूर फाइलमधून जात नाही. थंडरबर्ड हे काम अधूनमधून आपणहून करतं, पण पुरेशी जागा सुटणार असेल तेव्हाच. खासगी मेल हलवल्यावर मूळ फोल्डर लगेच ‘कॉम्पॅक्ट’ करायची सवय लावून घ्या. त्या वेळी डिस्कवर निदान त्या फोल्डरएवढी जागा मोकळी हवी, कारण आधी नवी फाइल लिहिली जाते आणि मग जुनी काढली जाते.

मेल कूटबद्ध करण्याची ‘ओपनपीजीपी’ ही पद्धत वापरणाऱ्यांना प्रायमरी पासवर्डचा आणखी एक उपयोग आहे. २०२० च्या ७८ व्या आवृत्तीपासून ही सोय थंडरबर्डमध्येच आली, आणि तुमची गुप्त किल्ली या पासवर्डमुळे सुरक्षित राहते. किल्ल्या वापरत असाल तर तो ठेवाच.

प्रश्न : मग खरं कुलूप लावायचं तरी कुठे?

उत्तर : मेल प्रोग्रॅमच्या बाहेर. आणि आधी हे ठरवा की कुलूप कोणापासून लावायचं आहे.

त्याच संगणकावर बसणाऱ्या इतरांपासून असेल, तर प्रत्येकाचं विंडोज खातं वेगळं करा. हा सगळ्यांत सोपा उपाय, आणि लोक नेमका तोच टाळतात. वेगळ्या खात्यात आउटलुक वेगळं, थंडरबर्डचं प्रोफाइल वेगळं, फाइलीही एकमेकांच्या दिसत नाहीत. फक्त इतरांची खाती ‘स्टँडर्ड’ ठेवा. ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ खात्यावरचा माणूस परवानगीच्या खिडकीत ‘कंटिन्यू’ दाबून तुमच्या फोल्डरात येऊ शकतो. उठताना विंडोजची कळ आणि एल एकदम दाबायची, स्क्रीन लॉक.

संगणक चोरीला जाईल किंवा दुरुस्तीला द्यावा लागेल ही भीती असेल, तर अख्खी डिस्क कूटबद्ध करा. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर आहे. होममध्ये काही यंत्रांवर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ मिळतं. मॅकवर फाइलव्हॉल्ट, लिनक्सवर लक्स. बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की त्याच डिस्कवर ठेवू नका. पण एक लक्षात घ्या, तुम्ही लॉग-इन केलेलं असताना तुमच्या खुर्चीत येऊन बसणाऱ्याला बिटलॉकर अडवत नाही.

खातं एकच ठेवायचं आहे आणि तरी मेल बंद हवेत, असं असेल तर व्हेराक्रिप्ट. हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम एक मोठी कूटबद्ध फाइल तयार करतो आणि पासवर्ड टाकला की ती वेगळ्या ड्राइव्हसारखी दिसते. मेल ६ जीबी असतील तर फाइल १५ जीबीची तरी करा, म्हणजे वाढीला आणि ‘कॉम्पॅक्ट’ला जागा राहील. तयार करताना ४ जीबीहून मोठ्या फाइली ठेवणार का, असं विचारलं जातं. हो म्हणा. नाही म्हटलं तर आतली मांडणी फॅट प्रकारची होऊ शकते, आणि तिथे इनबॉक्सची फाइल ४ जीबीला पोचली की मेल उतरणं बंद पडतं. पासवर्ड २० अक्षरांहून छोटा असेल तर व्हेराक्रिप्ट हटकतं, आणि बरोबरच करतं.

ड्राइव्हला नेहमी एकच अक्षर द्या, समजा व्ही. थंडरबर्ड बंद करून आधी पाहिलेला प्रोफाइल फोल्डर अख्खा त्या ड्राइव्हवर उतरवा. मग विंडोजची कळ आणि आर दाबून ‘थंडरबर्ड डॉट इएक्सई’, एक जागा सोडून उणेचं चिन्ह आणि त्याला लागून मोठा पी, असं इंग्रजीत टाका. प्रोफाइल मॅनेजर उघडेल. ‘क्रिएट प्रोफाइल’ निवडा आणि ‘चूज फोल्डर’मध्ये व्हीवरचा फोल्डर दाखवा. सगळे मेल दिसतात, जातायेतात, याची खात्री झाल्यावरच जुनं प्रोफाइल काढा. अ‍ॅपडेटाच्या ‘रोमिंग’मधलं तर काढायचंच, पण ‘लोकल’मध्येही त्याच नावाचा फोल्डर असतो, तोही काढा.

काही जण खात्याच्या ‘सर्व्हर सेटिंग्ज’मधली ‘लोकल डिरेक्टरी’ तेवढी व्हीवर नेतात आणि प्रोफाइल जिथल्या तिथे ठेवतात. तसं करू नका. थंडरबर्ड शोधासाठी सगळ्या मेलचा मजकूर ‘ग्लोबल-मेसेजेस-डीबी’ नावाच्या फाइलमध्ये वेगळा लिहून ठेवतं आणि ती प्रोफाइलमध्ये असते. मूळ मेल कुलपात गेले तरी त्यांचा मजकूर बाहेर उघडा राहतो.

व्ही उघडला नसताना थंडरबर्ड सुरू केलंत, तर ‘प्रोफाइल लोड होऊ शकत नाही, ते गहाळ असेल’ अशा अर्थाचा निरोप येतो. घाबरून नवं प्रोफाइल करू नका, ड्राइव्ह उघडा आणि पुन्हा सुरू करा. बंद करताना उलटा क्रम पाळा. आधी थंडरबर्ड, मग ड्राइव्ह. थंडरबर्ड चालू असताना ड्राइव्ह जबरदस्तीने बंद केला, तर सूच्या बिघडतात, कधी मेलही. आउटलुकची पीएसटीसुद्धा याच पद्धतीने व्हीवर ठेवता येते. क्रमाचा नियम तिलाही लागू. आणि हा पासवर्ड विसरलात तर तो काढून देणारं कोणी नाही. आधीच्या एका उत्तरातल्या चुटकीसरशी उघडणाऱ्या पीएसटीशी त्याची गल्लत नको.

प्रश्न : पासवर्ड असलेल्या पीएसटीत मेल हलवले. तरी त्यांतली जोडपत्रं दुसऱ्या कोणीतरी पाहिली. कशी?

उत्तर : जोडपत्र मेलमधून थेट उघडलं की आउटलुक त्याची प्रत तात्पुरत्या फोल्डरात ठेवतं आणि मग उघडतं. हा फोल्डर अ‍ॅपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, आयनेटकॅश अशा वाटेवर ‘कंटेंट डॉट आउटलुक’ नावाने असतो. जोडपत्र उघडं ठेवून मेल किंवा आउटलुक आधी बंद केलं, तर प्रत मागे राहते. आउटलुक बंद करून तो फोल्डर रिकामा करा. वर्ड, एक्सेल, पीडीएफ वाचक यांच्या ‘अलीकडच्या फाइली’ही पाहा.

बाकी गळती नव्या मेलच्या सूचनांतून होते. पाठवणाऱ्याचं नाव, विषय आणि पहिली ओळ स्क्रीनच्या कोपऱ्यात झळकते. आउटलुकमध्ये ‘ऑप्शन्स’, ‘मेल’मधून ‘डेस्कटॉप अलर्ट’ बंद करा. थंडरबर्डमध्ये सूचना ठेवून तिच्यातला मजकूर तेवढा काढता येतो. विंडोजच्या ‘नोटिफिकेशन्स’मध्ये लॉक स्क्रीनवर सूचना दाखवण्याचा पर्याय वेगळा आहे, तोही बंद हवा. विंडोज शोधासाठी आउटलुकचे मेल सूचीत घेतं. ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’मधून आउटलुकवरची खूण काढता येते, पण मग आउटलुकमधला शोध मंदावतो. माझ्या मते विंडोज खातं वेगळं असेल तर ही शेवटची किंमत मोजायची गरज नाही.

प्रश्न : आउटलुकमध्ये फोल्डरना रंग कसे द्यायचे? आणि ते माझ्या क्रमाने का लागत नाहीत?

उत्तर : क्लासिक आउटलुकमध्ये फोल्डरला रंग देण्याची सोय नाही. आतल्या मेलना रंग देता येतो. फोल्डर उघडून ‘व्ह्यू’, ‘व्ह्यू सेटिंग्ज’, ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’, ‘अ‍ॅड’. नियमाला नाव द्या, ‘फॉन्ट’मध्ये रंग निवडा आणि ‘कंडिशन’मध्ये अट घाला, उदाहरणार्थ ठरावीक पत्त्यावरून आलेला मेल. अट घालायची राहिली तर सगळेच मेल त्या रंगाचे होतात. ही मांडणी त्या फोल्डरपुरती असते. ‘चेंज व्ह्यू’मधल्या ‘अप्लाय करंट व्ह्यू टू अदर मेल फोल्डर्स’ने ती इतरत्र नेता येते. सगळं विस्कटलं तर आउटलुक ‘क्लीनव्ह्यूज’ या स्विचने (सुरू करताना प्रोग्रॅमच्या नावापुढे लिहायच्या शब्दाने) सुरू करता येतं, पण त्याने तुम्ही केलेली प्रत्येक मांडणी पुसली जाते.

क्रमासाठी ‘फोल्डर’ टॅबवरचं ‘शो ऑल फोल्डर्स ए टू झेड’ बंद करा, मग फोल्डर ओढून वरखाली होतात. रोजचे पाच-सहा राइट-क्लिक करून ‘फेवरिट्स’मध्ये टाकले की बाकीच्यांचा क्रम कसाही असला तरी अडत नाही. आणि ‘ड्राफ्ट्स’साठी ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘शो टोटल नंबर ऑफ आयटम्स’ निवडा. अर्धवट राहिलेली पत्रं तिथे न वाचलेल्यांच्या आकड्यातून कळत नाहीत, एकूण आकड्यातून कळतात.

प्रश्न : थंडरबर्डमध्ये हेच?

उत्तर : इथे रंग आहेत. फोल्डरवर राइट-क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, पहिल्याच टॅबवर ‘आयकॉन कलर’. रंग त्या संगणकापुरता राहतो, सर्व्हरवर जात नाही. हाताने क्रम लावायची सोय २०२५ च्या १४० व्या आवृत्तीत आली. त्याआधीची आवृत्ती असेल तर नावापुढे ०१, ०२ असे दोन आकडी क्रमांक टाका. रकाने एका फोल्डरात नीट लावून घ्या, मग रकान्यांच्या ओळीच्या उजव्या टोकाचं चिन्ह दाबून तीच मांडणी दुसऱ्या फोल्डरला आणि त्याच्या पोटातल्या फोल्डरांना लावा. पुढे कधी बिघाडापायी ‘एमएसएफ’ फाइल खोडावी लागली, तर रकान्यांची मांडणी तिच्याबरोबर जाते, मेल जात नाहीत.

प्रश्न : आयमॅप खात्यात फोल्डरना मराठी नावं दिली. संगणकावर ती बरोबर दिसतात, पण एका दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘अँड’च्या चिन्हाने सुरू होणारी भलतीच अक्षरं येतात.

उत्तर : आयमॅपच्या नियमांत इंग्रजीबाहेरच्या अक्षरांची नावं यूटीएफ-७ या अक्षर-संकेताच्या एका खास रूपात पाठवली जातात. ‘अँड’च्या चिन्हाने सुरुवात, आडव्या रेघेने शेवट, मधे लॅटिन अक्षरं. तुमचा दुसरा प्रोग्रॅम ती न उलगडता जशीच्या तशी दाखवतो आहे. दोष त्याचा, नाव सर्व्हरवर शाबूत आहे. त्या प्रोग्रॅममधून नाव ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका, नाहीतर सगळीकडेच बिघडेल. नावात तिरकी रेघ आणि पूर्णविराम मात्र टाळा. काही सर्व्हर त्यांचा अर्थ ‘पोटफोल्डर’ असा घेतात आणि एकाचे दोन फोल्डर होतात.

प्रश्न : आउटलुकचे ‘इनबॉक्स’, ‘सेंट’ हे फोल्डर अचानक परक्या भाषेत दिसू लागले. नाव बदलता येत नाही.

उत्तर : मूळच्या फोल्डरना राइट-क्लिकने नाव देता येत नाही. आधी आउटलुकची भाषा हवी ती आहे ना, हे पाहा. मग ते बंद करून विंडोज आणि आर दाबा आणि ‘आउटलुक डॉट इएक्सई’नंतर एक जागा सोडून तिरकी रेघ व तिला लागून ‘रीसेटफोल्डरनेम्स’ असं इंग्रजीत टाका. नावं निवडलेल्या भाषेत परत येतात.